मागच्या सीटवरून निवडलेली गाडी: दोघांच्या प्रवासासाठी टूरिंग मोटरसायकल घेतानाचे एक प्रकरण

हे प्रकरण एका जोडप्याचे आहे. गृहस्थ ५६ वर्षांचे, त्यांच्या पत्नी ५३ वर्षांच्या. दोघे सहा वर्षे ६५० सीसीच्या एका दोन-सिलिंडर ॲडव्हेंचर (कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांसाठीच्या, उंच) गाडीवर डबलसीट फिरत होते आणि वर्षाकाठी आठ-दहा दिवसांची एक मोठी सहल व दोन-तीन छोट्या सहली असा त्यांचा शिरस्ता होता. २०२३ च्या सुरुवातीला त्यांनी गाडी बदलायचे ठरवले आणि निवडीत मदत करावी म्हणून मला बोलावले. माझ्यापुढे आलेला प्रश्न सरळ होता: एक हजार सीसीच्या वरची, ताकदवान आणि लांबच्या प्रवासाला आरामशीर अशी गाडी कोणती घ्यावी? प्रश्न गृहस्थांनी विचारला होता. पत्नी शेजारीच बसल्या होत्या, पण त्या बैठकीत त्यांनी जवळजवळ तोंड उघडले नाही. पुढचे सगळे प्रकरण त्या गप्प बसण्याचा उलगडा होत गेला तसतसे घडले, म्हणून ही गोष्ट आधीच नोंदवून ठेवतो.

गृहस्थांचे निदान तयार होते. त्यांच्या मते दोन अडचणी होत्या. सामान आणि दोन माणसे घेऊन चढावर एखादा ट्रक ओलांडताना इंजिन कमी पडते ही पहिली, आणि मागची सीट कडक असल्यामुळे पत्नीची पाठ दुखते ही दुसरी. सीटवर त्यांनी आधी जेलची गादी टाकून पाहिली होती, नंतर हवेची उशी. दोन्हींनी फरक पडला नव्हता. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की गाडीच मोठी हवी. मला या तर्कात एक खोट दिसली. दोनदा गादी बदलूनही दुखणे तिळमात्र हलत नसेल, तर दुखण्याचे मूळ बहुधा गादीत नसावे.

नोंदवही

कोणतीही नवी गाडी पाहण्यापूर्वी जुन्याच गाडीवर एक दिवसाची फेरी करायची असे ठरले. अंतर सुमारे २६० किलोमीटर. पत्नींना मी एकच काम दिले: फोनवरचे घड्याळ चालू ठेवायचे, शरीरात जिथे जे काही जाणवेल ते प्रत्येक थांब्यावर वेळेसह लिहून काढायचे आणि दिवस संपेपर्यंत ते यजमानांना सांगायचे नाही. ही अट त्यांना थोडी विचित्र वाटली, परंतु त्यांनी ती पाळली.

संध्याकाळी वाचलेल्या त्या कागदावर पाठीचा उल्लेख अगदी शेवटी आणि एकदाच होता. निघाल्यापासून २५ मिनिटांनी उजवा गुडघा. ४० मिनिटांनी उजव्या खुब्यात ताठरपणा. ५५ मिनिटांच्या पुढे दर तीन-चार मिनिटांनी बसण्याची जागा बदलणे. ७० मिनिटांनंतर, त्यांच्याच शब्दांत, ‘नुसते किलोमीटरचे दगड मोजणे’. पाठ दुखत होती ती खुबा वाचवण्यासाठी शरीर एका बाजूला कलते ठेवल्यामुळे. त्यांच्या उजव्या खुब्याची हालचाल काही वर्षांपासून थोडी मर्यादित होती, हे घरात सर्वांना ठाऊक होते. पण त्याचा मोटरसायकलशी संबंध कोणी जोडला नव्हता.

दुसरी नोंद थांब्यांची. आपण साधारण दोन तासांनी थांबतो असे गृहस्थ ठामपणे सांगत असत. प्रत्यक्षात दोन थांब्यांमधले सरासरी अंतर ६४ मिनिटे निघाले, आणि ‘थांबूया’ असे पत्नी एकदाही म्हणाल्या नव्हत्या. त्या म्हणत होत्या, ‘इथून दरी छान दिसते आहे.’ सहा वर्षे गृहस्थांची समजूत अशी होती की आपल्या बायकोला निसर्गाची फार आवड आहे. आवड होतीच, त्याबद्दल वाद नाही. परंतु ती दर तासाला नेमाने उफाळून येत होती, याचे कारण खुबा होता.

दुसऱ्या आठवड्यात मी एक गोष्ट सुचवली, जी खरे तर कोणत्याही खरेदीच्या आधी व्हायला हवी. गृहस्थांनी मागे बसावे आणि गाडी मी चालवावी. आपल्याच गाडीच्या मागच्या सीटवर ते सहा वर्षांत एकदाही बसले नव्हते. ९० किलोमीटरमध्ये त्यांनी जे पाहिले ते पत्नींनी सांगूनही इतके नीट पोहोचले नसते. धरण्याच्या दांड्या कमरेच्या मागे आणि खाली असल्याने हात सतत मागे ओढले जात होते. गुडघा काटकोनापेक्षा बराच जास्त दुमडलेला राहत होता. पुढच्या माणसाच्या हेल्मेटपलीकडचे काही दिसत नसल्याने खड्डा येतो आहे हे खड्डा लागल्यावरच कळत होते. आणि प्रत्येक ब्रेकला त्यांचे हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटत होते. गाडीवरून उतरल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. इंजिनाचा विषय त्यानंतर त्यांनी स्वतःहून फारसा काढला नाही.

हेल्मेटची ही टक्कर अनेक जोडप्यांना गाडीचा दोष वाटते. ती अर्धी गाडीची आणि अर्धी हाताची असते. नेहमीच्या टेलिस्कोपिक फोर्कमध्ये (पुढचे चाक धरणाऱ्या, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांमध्ये) पुढचा ब्रेक दाबला की वजन पुढे जाते, फोर्क खाली बसतो आणि मागे बसलेले शरीर पुढे घसरते. ब्रेक जितका एकदम, तितका हा झोका मोठा. गिअर बदलताना थ्रॉटल अर्धवट बंद करून क्लच झटक्यात सोडला की तसाच झोका उलट-सुलट बसतो. मागचा ब्रेक थोडा आधी लावून गाडी स्थिर करणे आणि मग पुढच्या ब्रेकवर हळूहळू दाब वाढवणे, एवढ्या सवयीने गृहस्थांच्या जुन्याच गाडीवर ही टक्कर दोन आठवड्यांत निम्म्याहून कमी झाली. दोघे बसले असताना मागच्या चाकावर भार जास्त असतो, त्यामुळे एकट्याने चालवताना जो मागचा ब्रेक नावापुरता वाटतो तो इथे खरोखर काम करतो. नवी गाडी घेण्याच्या प्रकरणात हे आडवळण वाटेल. परंतु जे दुखणे हाताच्या सवयीने बरे होते त्यासाठी गाडी निवडली, तर निवड चुकते.

वजनाचा हिशेब

यानंतर घरातल्या वजनकाट्यावर सगळे चढवले. गृहस्थ ८२ किलो, पत्नी ६६. हेल्मेट, जॅकेट, पँट, बूट आणि हातमोजे मिळून दोघांचे १७. तिन्ही पेट्या आणि त्यांचे स्टँड मिळून रिकामे १८. आतले सामान, हत्यारे आणि पाणी २४. एकूण २०७ किलो.

गाडीच्या पुस्तिकेत जास्तीत जास्त अनुज्ञेय एकूण वजन दिलेले असते. त्यातून चालण्यास तयार स्थितीतील गाडीचे वजन वजा केले की प्रत्यक्ष किती भार घालता येतो ते मिळते. जुन्या गाडीसाठी हे उत्तर १८७ आले. म्हणजे सहा वर्षे प्रत्येक मोठ्या सहलीला गाडी मर्यादेपेक्षा २० किलो जास्त घेऊन पळत होती. चढावर इंजिन दमते ही तक्रार त्यामुळे खोटी ठरत नाही, पण इंजिनाच्याही आधी मागचे स्प्रिंग दमलेले होते. चालवणारा बसल्यावर सस्पेन्शन आपल्या एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश बसावे असा ठोकताळा आहे. इथे दोघे आणि सामान चढल्यावर ते निम्म्याहून खाली जात होते. मागचा भाग बसला की हेडलाइटचा झोत वर जातो, पुढचे चाक हलके होते आणि वळणात गाडी सैल वाटते. यातले प्रत्येक लक्षण गृहस्थांनी मला ‘गाडी म्हातारी झाली’ या एका वाक्यात सांगितले होते.

टॉप बॉक्सचा, म्हणजे सीटमागे वर बसवलेल्या पेटीचा, वाटा वेगळा मोजला. चाकांमधले अंतर दीड मीटर आणि मागच्या आसाच्या ४० सेंटिमीटर मागे १० किलोची पेटी, असे धरले तर ती पेटी मागच्या चाकावर १२.७ किलो टाकते आणि पुढच्या चाकावरून २.७ किलो उचलते. आकडा लहान दिसतो. पण मागे माणूस बसल्याने पुढचे चाक आधीच हलके झालेले असते आणि ही भर त्यावर पडते. जड वस्तू बाजूच्या पेट्यांत तळाशी आणि टॉप बॉक्समध्ये फक्त कपडे, हा नियम इथून आला.

मर्यादेचा हा आकडा हाती धरून आम्ही बाजारातील मोठ्या गाड्यांकडे पाहिले, तेव्हा गृहस्थांच्या मनातला क्रम उलटापालटा झाला. त्यांच्या यादीत बीएमडब्ल्यूची सहा-सिलिंडरची के १६०० जीटीएल सर्वांत वर होती: १६४९ सीसी, १६० हॉर्सपॉवर, ३५८ किलो. तिचे अनुज्ञेय एकूण वजन ५६० किलो, म्हणजे भारासाठी उरतात २०२. त्याच कंपनीच्या दोन-सिलिंडर आर १२५० जीएसचे वजन २४९ आणि मर्यादा ४६५, म्हणजे भार २१६. आर १२५० आरटी २७९ किलोची, मर्यादा ५०५, भार २२६. तिघींत सर्वांत जड आणि सर्वांत ताकदवान गाडी सर्वांत कमी ओझे घेते. जीटीएलच्या पेट्या गाडीबरोबरच येतात, म्हणून आमच्या २०७ मधून पेट्यांचे १८ किलो वजा केले तरी हातात १३ किलोच शिल्लक राहत होते. आरटीवर पेट्यांचे वजन धरूनसुद्धा १९ उरत होते. मोठी गाडी म्हणजे मोठा भार हे गृहीत इतके पक्के असते की हे आकडे गृहस्थांनी दोनदा तपासून घेतले.

यात एक बारकावा आहे. युरोपीय नियमांनुसार चालण्यास तयार वजन सांगताना टाकी किमान ९० टक्के भरलेली धरतात. २५ लिटरच्या टाकीत उरलेला दहावा हिस्सा म्हणजे जवळपास दोन किलो पेट्रोल. काठावरचा हिशेब करणाऱ्याने तेही मोजावे. टायरवर छापलेला भारांकही याच हिशेबाचा भाग आहे. मागच्या टायरवर ७३ असेल तर ते टायर ३६५ किलो पेलते, पण हवा पुरेशी असेल तरच. दोघांसाठी पुस्तिकेत मागच्या चाकाचा दाब बहुधा वेगळा आणि जास्त दिलेला असतो, आणि हे पान फार कमी लोकांनी उघडलेले असते.

चढणे आणि उतरणे

पत्नींना मोकळेपणाने बोलते करणारा विषय हाच ठरला. प्रवासातला सर्वांत नकोसा क्षण कोणता, असे विचारल्यावर त्यांनी वारा, पाऊस किंवा दुखणे यांपैकी काहीच सांगितले नाही. गाडीवर चढणे, असे त्या म्हणाल्या. ‘एक पाय पेगवर, दुसरा हवेत, आणि गाडी हलली की मला वाटते मीच पाडणार.’

ही भीती अवाजवी नव्हती. पोशाखासह त्यांचे वजन ७४ किलो. डाव्या पेगवर (पाय ठेवायच्या दांडीवर) पूर्ण वजन टाकून त्या सरळ उभ्या राहिल्या आणि शरीराचा मध्य गाडीच्या मध्यरेषेपासून ३५ सेंटिमीटर बाहेर असला, तर गाडीला डावीकडे पाडू पाहणारा टॉर्क (फिरवणारा जोर) सुमारे २५० न्यूटन-मीटर होता. आमच्या यादीतल्या कोणत्याही इंजिनाचा टॉर्क इतका नव्हता. आरटीचा १४३ आणि जीटीएलचा १८० आहे. हे सगळे गृहस्थ दोन पायांवर आणि हँडलवर तोलत होते, तेही पायांचे चवडे टेकलेले असताना. चढताना शरीर सीटवर झुकते ठेवले आणि चालवणाऱ्याच्या खांद्यावर भार न देता त्याचा फक्त आधार घेतला, की ते ३५ सेंटिमीटर १५ वर येतात आणि हा टॉर्कही निम्म्याखाली जातो. हे तंत्र त्यांनी जुन्या गाडीवर अंगणात शिकून घेतले: चालवणाऱ्याचे दोन्ही पाय जमिनीवर, पुढचा ब्रेक दाबलेला, गाडी सरळ, तो ‘हं’ म्हणाल्याशिवाय चढायचे नाही आणि तो ‘हं’ म्हणाल्याशिवाय उतरायचे नाही. गाडी साइड स्टँडवर असताना पेगवर उभे राहून चढणे सोपे वाटते, पण त्या स्टँडवर येणारा भार त्यासाठी धरलेला नसतो. ती सवय आम्ही बंद केली.

तरीही खुब्याचा प्रश्न उरतो. ताठर खुब्याने पाय मागून फिरवून आणणे म्हणजे टॉप बॉक्सच्या वरून किंवा बॉक्स आणि चालवणाऱ्याची पाठ यांच्यामधल्या फटीतून तो नेणे. फट अरुंद असेल तर सीट कितीही मऊ असून उपयोग नाही. म्हणून निवडीच्या कसोट्यांत मी ‘रायडिंगच्या पूर्ण पोशाखात, पेट्या लावलेल्या असताना, सलग पाच वेळा चढणे-उतरणे’ ही कसोटी पहिली ठेवली. तिच्यात जी गाडी नापास होईल ती रस्त्यावर न्यायचीच नाही. दोन ॲडव्हेंचर गाड्या तिथेच गळाल्या. त्यांची मागची सीट उंच होती आणि तिसऱ्या खेपेला पत्नींचा बूट पेटीला अडकला.

चाचण्या

विक्रेत्याकडची वीस मिनिटांची फेरी या कामाला पुरत नाही. नोंदवहीनुसार गुडघा २५ मिनिटांनी आणि खुबा ४० मिनिटांनी बोलतो; वीस मिनिटांत कोणतीही सीट चांगलीच वाटणार. म्हणून शेवटच्या तीन गाड्या एकेका दिवसासाठी भाड्याने घेतल्या, त्यांवर घरचेच सामान तोलून चढवले, प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) दोघांसाठी लावला आणि एकाच रस्त्यावर प्रत्येकी किमान अडीच तास काढले. कागद पुन्हा पत्नींच्या हाती होता.

पहिली गाडी सहा सिलिंडरच्या आलिशान टूरिंग वर्गातली होती. या वर्गाचा उल्लेख झाला की होंडा गोल्ड विंगचे नाव येतेच. १९७० च्या दशकात चार सिलिंडर आणि एक हजार सीसीपासून सुरू झालेली ही गाडी आज १८३३ सीसीची आहे, तिच्या सीटची उंची अवघी ७४५ मिलिमीटर आहे, डीसीटी (आपोआप गिअर बदलणाऱ्या) प्रकारात सावकाश पुढे-मागे सरकण्याची सोय आहे आणि २०२१ मध्ये तिच्या टूर प्रकारात मागच्या पाठटेकणीचा कोन १७ अंशांवरून २४.५ अंशांवर नेला गेला. केवळ मागे बसणाऱ्याच्या पाठीसाठी केलेला एवढा बदल विचारपूर्वक होता, हे मान्य केले पाहिजे. माझाही कल मनातून याच वर्गाकडे होता, आणि पहिली चाळीस मिनिटे पत्नींच्या कागदावर कौतुकाशिवाय काही नव्हते. त्यानंतर खुबा दुखू लागला, आणि जुन्या गाडीपेक्षा जास्त दुखला. कारण शोधायला वेळ लागला: रुंद सीट. खुर्चीसारख्या त्या बैठकीवर मांड्या जास्त फाकतात. निरोगी खुब्याला त्याचे काही वाटत नाही, त्यांच्या खुब्याला मात्र नेमकी तीच हालचाल नको होती. इतर बहुतेक जोडप्यांना मी आजही हाच वर्ग आधी पाहायला सांगेन. इथे मात्र जी सीट सर्वांत ऐसपैस, तीच बाद झाली.

दुसरी होती होंडा एनटी११००. १०८४ सीसीचे दोन सिलिंडर, डीसीटीसह २४८ किलो. तीत क्लच हाताने दाबावा-सोडावा लागत नसल्याने गिअर बदलताना बसणारा झोका जवळपास नाहीसा झाला आणि हेल्मेट दिवसभरात एकदाच टेकले. गृहस्थांना ती हलकी गाडी आवडली. पत्नींनाही ती वाईट वाटली नाही. दीड तासापर्यंत कागद जवळजवळ कोरा होता. विचार झाला तो चेनचा. दर काही शे किलोमीटरवर वंगण आणि ताण तपासणे हे काम सहलीत गृहस्थांच्या हातून नेहमी राहून जाते, हे त्यांनी स्वतःच कबूल केले. एरवी ही गाडी या दोघांसाठी वाईट ठरली नसती, असे माझे मत आजही आहे.

तिसरी आर १२५० आरटी, मागचे चाक चेनऐवजी शाफ्टने (बंद दांड्याने) फिरवणारी. हिच्या पुढच्या टेलिलिव्हर सस्पेन्शनमध्ये ब्रेकचे बल बऱ्याच अंशी स्प्रिंगपासून वेगळे ठेवले जाते, त्यामुळे ब्रेक लावल्यावर गाडीचे नाक फारसे खाली जात नाही. मागे बसणाऱ्याच्या मानेला हा फरक पहिल्याच उतारावर कळला. सीट पुरेशी लांब आणि रुंदीला माफक. गुडघा काटकोनाच्या जवळ राहत होता. धरण्याच्या दांड्या मांडीच्या बाजूला हाताशी येत होत्या. कागदावर पहिली नोंद ८० मिनिटांनी पडली. ती खुब्याची नव्हती, वाऱ्याची होती.

इंजिनांबद्दल लिहिण्यासारखे फार नाही. तिन्ही गाड्यांनी भरल्या ओझ्यासह चढावर वाहने सहज ओलांडली. एक हजार सीसीच्या पुढे, दोघांच्या प्रवासापुरते, ताकदीचा प्रश्न बहुधा मिटलेला असतो. कमी फेऱ्यांवर इंजिन किती शांतपणे ओढते एवढेच पाहावे, कारण तिथे थ्रॉटलचा खडबडीतपणा मागच्याच्या मानेत उतरतो.

निर्णय आणि त्यानंतरचे आठ महिने

आरटी घेतली. ती घेताना गृहस्थांची एक अडचण उरली होती. त्यांची उंची १६८ सेंटिमीटर. ८०५ मिलिमीटर उंचीच्या पुढच्या रुंद सीटवर त्यांच्या टाचा टेकत नव्हत्या. कमी उंचीची सीट मिळते, म्हणून ती बसवून पाहिली. त्यांचे पाय टेकले आणि पत्नींची तक्रार सुरू झाली: पुढची सीट खाली गेल्याने त्यांचे डोके पुढच्या हेल्मेटच्या आणखी वर आले आणि काचेवरून येणारा घुसळलेला वारा थेट हेल्मेटवर आदळू लागला. दोन सीटांच्या उंचीतला फरक ही दोघांची सामाईक मालमत्ता आहे आणि एकाने तो खर्च केला की भरपाई दुसऱ्याला करावी लागते, हे आम्हाला इथे कळले. शेवटी मूळ सीट खालच्या खाचेत परत बसवली आणि गृहस्थ थांबताना डावा पाय टेकून उजव्या पायाने मागचा ब्रेक धरायला शिकले. या वयात ही सवय लागायला एक महिना लागला.

वारा तरीही पूर्ण गेला नाही. विजेवर वर-खाली होणारी काच पूर्ण वर नेली तर चालवणाऱ्याला शांतता मिळते, पण त्या काचेमागे कमी दाबाची पोकळी तयार होते आणि मागून परतणारा वारा सहप्रवाशाला पाठीतून पुढे ढकलतो. काच चार बोटे खाली ठेवल्यावर दोघांच्याही डोक्यावर थोडा, पण सरळ वारा येतो; तो सहन होतो. आवाजासाठी दोघे कानात बोळे घालतात. हेल्मेटमधल्या ब्लूटूथ संचावर बोलणे त्यातूनही नीट ऐकू येते. उतारावर, वळणाआधी किंवा खड्डा दिसताच गृहस्थ एक शब्द बोलतात. मागच्या सीटवर काढलेल्या त्या ९० किलोमीटरांचा हा परिणाम आहे.

पहिल्या आठ महिन्यांत ६८०० किलोमीटर झाले. थांब्यांमधले सरासरी अंतर आता ९५ मिनिटे आहे. माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची नोंद ही, की पत्नी आता ‘थांबा’ असे म्हणतात, दरीचा उल्लेख न करता. खुबा पूर्णपणे गप्प झालेला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर तो बोलतो, आणि म्हणून त्यांनी दिवसाचे अंतर ३५० किलोमीटरवरून २६० वर आणले. कोणत्याही गाडीने हा प्रश्न सुटला नसता. भरलेल्या टॉप बॉक्ससह आडव्या वाऱ्यात मोठ्या पुलावरून जाताना गाडी थोडी हलते. तिथे वेग कमी करणे हाच उपाय त्यांनी स्वीकारला आहे. एकदा एकटे असताना गृहस्थांनी उतरत्या जागेत गाडी लावताना ती आडवी होऊ दिली. पडण्याचा भार सिलिंडरवरच्या गार्डवर आला, नुकसान खरचटण्यापुरते झाले आणि गाडी नेहमी चढाकडे तोंड करून लावण्याचा नियम त्या दिवशी तयार झाला.

टॉप बॉक्सला लावलेली पाठटेकणी अजून नीट जमलेली नाही. ती दोन सेंटिमीटर पुढे हवी आहे, पण पुढे आणली की पाय फिरवायची फट तेवढीच कमी होते. सध्या पातळ गादीचा प्रयोग चालू आहे. सहलीच्या सामानाची यादी आता पत्नी करतात आणि प्रत्येक पेटी काट्यावर ठेवूनच बंद होते. मागच्या खेपेला आतले सामान २२ किलो भरले. त्यातले दीड किलो जुन्या गाडीच्या चेनसाठी घेतलेल्या हत्यारांचे होते. ती गृहस्थांनी सवयीने पेटीत टाकली होती आणि शाफ्टच्या या गाडीवर त्यांचा काही उपयोग नव्हता.